शाळा कुठे संपते, कॉलेज कुठे सुरू होते?

जुन्या कागदांच्या पेटीत कधीकधी आजोबांचे पिवळे पडलेले प्रमाणपत्र सापडते. त्यावर 'इंटरमीजिएट सायन्स' असे छापलेले असते आणि बारावीतला नातू विचारतो, "ही कुठली इयत्ता?" नॉन-मॅट्रिक, इंटर, पी.यू.सी., जुनी अकरावी हे शब्द आता शिक्षकांच्या खोलीतही क्वचित ऐकू येतात. पण शाळा आणि कॉलेज यांच्यामधले कुंपण पूर्वी कुठेकुठे होते, ते हे शब्द सांगतात. आज त्यांची आठवण होण्याचे कारण म्हणजे 'अर्ली कॉलेज'. शाळेत असतानाच कॉलेजचे काही विषय शिकावेत आणि त्यांचे श्रेयांक पुढे पदवीत धरले जावेत, अशी ही अमेरिकेतली योजना आहे. ती नवी वाटते, पण आपल्याकडे तिचे बीज फार जुने आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. ही परीक्षा शाळेची नव्हे, तर विद्यापीठाच्या दारावरची होती. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे १८६२ मध्ये, विशीत, बी.ए. झाले. पुढे जी घडी बसली ती अशी : अकरा वर्षे शाळा, दोन वर्षे इंटर, दोन वर्षे बी.ए. किंवा बी.एस्सी. म्हणजे शिक्षणाचे बारावे वर्ष हे कॉलेजचे पहिले वर्ष असे आणि ते पदवीच्या हिशेबात धरले जाई. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा प्राध्यापकांसमोर बसे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करी. आज अमेरिकेत ज्याला वेगळे नाव द्यावे लागते, ती इथे नेहमीची रीत होती.

ही रीत सर्वांना मान्य नव्हती. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये स्पष्ट म्हटले की इंटरचे काम खरे तर शालेय दर्जाचे आहे. विद्यापीठ इंटरनंतर सुरू व्हावे. हा विचार मुरायला अर्धे शतक गेले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यातून १०+२+३ आले आणि महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. आता बेरीज करून पाहा. ११+२+२ म्हणजे पंधरा आणि १०+२+३ म्हणजेही पंधराच! एकूण वर्षे तेवढीच राहिली. फक्त बारावे वर्ष विद्यापीठाच्या खात्यातून काढून शाळेच्या खात्यात टाकले गेले.

मुंबई-पुण्यात हा कारभाराचा बदल होता. परभणीत त्याचा संबंध अंतराशी होता. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, शिक्षणाचे माध्यम उर्दू. इंटरचे कॉलेज औरंगाबादला १९२३ मध्ये सुरू झाले, पण पदवीसाठी हैदराबादच गाठावे लागे. मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन सेलू, परभणी, पूर्णा यांवरून जाई. गाडी एका दिशेने इंटरकडे आणि दुसऱ्या दिशेने बी.ए.कडे नेई. पण तिकिटापलीकडचा खर्च, म्हणजे खोली, खानावळ आणि घरातला एक कमावता हात कमी होणे, फार थोड्यांना परवडे. सातोन्याला १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ हैदराबादला मॅट्रिक झाले, पुढे शिकता आले नाही आणि निजामाच्या बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी धरली. मराठीतला हा मोठा कवी-कादंबरीकार कॉलेजात शिकू शकला नाही. परभणीत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली निघाले, तर मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली. तरी खेड्यातल्या मुलाला मॅट्रिकनंतर घर सोडावेच लागे. १९७५ नंतर अकरावी-बारावीचे वर्ग जुन्या कॉलेजांना जोडून निघाले, तसे हायस्कुलांनाही जोडून निघाले आणि तालुक्याच्या गावी पोचले. ही मोठीच मिळकत होती, विशेषतः मुलींसाठी. नुकसान झाले ते वेगळ्या जागी. 'ज्युनियर कॉलेज' हे नाव कॉलेजचे राहिले, पण त्या दोन वर्षांचा पदवीशी असलेला हिशेब तुटला. बारावीचे गुण प्रवेशापुरते उरले. हायस्कूलला जोडलेल्या वर्गात रसायनाची प्रयोगशाळा कशी असते, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत मात्र उलट हालचाल चालू होती. मॅसॅच्युसेट्समधले सायमन्स रॉक हे कॉलेज १९६६ पासून दहावी-अकरावीनंतरच मुले घेऊ लागले. ती हुशार, शाळेला कंटाळलेली मुले होती. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजने १९७४ मध्ये आपल्या आवारातच एक हायस्कूल काढले, ते शाळा सोडून जातील अशा मुलांसाठी. कॉलेजच्या आवारात वावरले, तर कॉलेज परके वाटणार नाही, हा त्यामागचा विचार. २००२ नंतर अशा 'अर्ली कॉलेज' शाळांची चळवळच झाली. आम्हांला यातला दुसरा प्रयोग परभणीच्या अधिक जवळचा वाटतो.

श्रेयांकाची कल्पनाही परभणीला परकी नाही. इथले कृषी विद्यापीठ १९७२ मधले. भारतातल्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेच्या धर्तीवर सत्र आणि क्रेडिट पद्धत इतर विद्यापीठांच्या कितीतरी आधी घेतली. तिथल्या विषयापुढे २+१ असे लिहिलेले दिसते : दोन श्रेयांक तासिकांचे, एक प्रात्यक्षिकाचा. पण हे सारे बारावीनंतर.

दहावीनंतर पदवीत धरले जाणारे शिक्षण आज मुख्यतः एकाच वाटेने मिळते, ती तंत्रनिकेतनाची. तीन वर्षांची पदविका घेतलेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. १०+३+३ म्हणजे सोळा आणि बारावीवरून गेलेल्याचे १०+२+४ म्हणजेही सोळा. वर्ष वाचत नाही; पण एकोणिसाव्या वर्षी हातात पदविका असते आणि घरची अडचण आली तर तिथे थांबून नोकरी करता येते.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय वर्षेही आली आहेत : तीस तासांचा एक श्रेयांक, वर्षाचे चाळीस. मात्र त्यात बारावीची पातळी ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५ धरली आहे. म्हणजे श्रेयांक साठतील, पण कुंपण तिथेच आहे. बारावीतल्या एखाद्या मुलीने केलेले अनुमापन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात पुन्हा करायचेच आहे.

वर्गात एक गोष्ट करून पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या तीन पिढ्यांची यादी करावी : शिक्षण कितव्या वर्षी थांबले, त्या वेळी पुढचा वर्ग किती मैलांवर होता आणि तिथे जायला गाडी होती का. मग ती सर्व अंतरे फळ्यावर एकाखाली एक मांडावीत.