ग्रीन कार्डची दीर्घ प्रतीक्षा

अमेरिकेत नोकरीच्या आधारे दरवर्षी किमान सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे उपलब्ध असतात. अर्जदाराचे कुटुंबीयही याच संख्येत मोजले जातात. १९९०च्या कायद्यानुसार कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणतः सात टक्क्यांपुरता मर्यादित आहे. देश लहान असो वा मोठा. निकष नागरिकत्वाचा नसून जन्मस्थानाचा असतो. परिणामी भारतात जन्मलेल्या बहुसंख्य उच्चशिक्षितांची प्रतीक्षा दहा वर्षांहून अधिक लांबली आहे. एच-१बी व्हिसाची कमाल मुदत सहा वर्षांची असली, तरी २०००च्या कायद्यामुळे रांगेतील पात्र अर्जदारांना ती वाढवून मिळते. मुलांना मात्र हा दिलासा नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचा आश्रित व्हिसा संपतो आणि बालपणापासून जिथे वाढले, तिथेच राहण्यासाठी त्यांना स्वतंत्र व्हिसा शोधावा लागतो.