रनोदोची पत्त्यांची कचेरी

कामाला माणूस हवा आहे आणि माणसाला काम हवें आहे. दोघेही एकाच शहरांत, कदाचित् एकाच गल्लींत राहतात, आणि तरीही त्यांची गांठ पडत नाहीं. मग धनी चांगला माणूस मिळत नाहीं म्हणून कुरकुरतो आणि उमेदवार दारोदार वशिले शोधीत हिंडतो. ही गोष्ट आपल्या इतकी नित्य परिचयाची आहे, कीं तिच्यावर कांहीं उपाय असूं शकेल हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सोळाव्या शतकांत फ्रान्समधील बोर्दो शहराच्या एका नगराध्यक्षाच्या मनांत तें आलें. या गृहस्थाचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध निबंधकार मोंतेन. १५८० सालीं छापलेल्या आपल्या निबंधांत त्यानें वडिलांची ही कल्पना नमूद करून ठेविली आहे: प्रत्येक शहरांत एक ठराविक जागा असावी, तेथें एक अधिकारी बसावा, आणि ज्याला मोती विकावयाचे आहेत, ज्याला पॅरिसच्या प्रवासाला सोबत हवी आहे, ज्याला चाकर हवा आहे किंवा धनी हवा आहे, त्यानें आपली गरज त्याच्या वहींत नोंदवावी. त्यानंतर पन्नास वर्षें ही कल्पना पुस्तकांतच राहिली.

तत्पूर्वीं पॅरिसमध्यें ही गांठ घालून देण्याचा धंदा नव्हताच असें मात्र नव्हे. मोलकरणी आणि दूध पाजणाऱ्या दाया घरोघर लावून देणाऱ्या बायका तेथें फार पूर्वीपासून होत्या, आणि १३५१ च्या राजाज्ञेंत त्यांचा मोबदलाही ठरवून दिलेला आढळतो. मोलकरीण लावून दिल्यास अठरा दनिये, म्हणजे दीड सू; दाई लावून दिल्यास दोन सू; आणि तेही दोन्ही पक्षांकडून. एकाच बाईला वर्षांतून एकदांच कामाला लावावें, असाही निर्बंध होता. हा निर्बंध ज्यानें घातला त्याला या धंद्याची नाडी पुरती कळली असली पाहिजे. मोलकरीण एका घरीं टिकली तर मध्यस्थ बाईला पुन्हां कांहींच मिळत नाहीं. ती दर तीन महिन्यांनीं रुसून निघाली तर मात्र वर्षाकांठीं चार वेळां दलाली! पुरुष मजुरांसाठीं सेन नदीच्या कांठीं ग्रेव्हचें मैदान होतें. मजुरीच्या आशेनें ते सकाळीं तेथें जमत, आणि पुढें याच मैदानाच्या नांवावरून फ्रेंच भाषेंत संपाला ‘ग्रेव्ह’ हा शब्द रूढ झाला. मुंबईच्या नाक्यांवर सकाळच्या प्रहरीं रंगारी, गवंडी आणि बिगारी उभे असलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या मैदानाचें निराळें वर्णन करून सांगावयास नको.

मोंतेनच्या वडिलांची कल्पना ज्यानें प्रत्यक्षांत आणिली तो तेओफ्रास्त रनोदो हा व्यापारी नव्हता, वैद्य होता. १५८६ सालीं लुदं या गांवीं एका प्रोटेस्टंट घरांत त्याचा जन्म झाला. माँपेलिए येथें वैद्यक शिकून १६०६ मध्यें त्यानें पदवी मिळविली. रोग्यांबरोबर दारिद्र्यही त्याच्या दृष्टीस पडत होतें, आणि दारिद्र्याचें एक मोठें कारण आळस नसून अज्ञान आहे, काम कोठें आहे हेंच बिचाऱ्याला ठाऊक नसतें, असें त्याचें मत झालें. १६१२ मध्यें त्याला राजवैद्याचा किताब मिळाला आणि त्याबरोबर अशी कचेरी काढण्याचा परवानाही मिळाला. परंतु कचेरी उघडावयास १६३० साल उजाडलें. परवाना म्हणजे भांडवल नव्हे आणि भांडवल म्हणजे आश्रय नव्हे, हें त्या अठरा वर्षांत त्याला कळून चुकलें असावें. मधल्या काळांत त्याला राज्यांतील गरिबांचा मुख्य अधिकारी असें पद मिळालें, प्रधान रिशल्यू याची मर्जी त्याच्यावर बसली, आणि १६२८ मध्यें त्यानें कॅथलिक पंथ स्वीकारला. या धर्मांतरांत श्रद्धा किती आणि सोय किती याचा निवाडा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं.

कचेरी पॅरिसच्या मध्यवर्ती बेटांत, न्यायालयाच्या जवळ, ‘थोरला कोंबडा’ या पाटीच्या घरांत होती. कामाची रीत अगदीं साधी. ज्याला जें हवें असेल किंवा द्यावयाचें असेल, त्यानें येऊन सांगावें. कारकुनानें तें वहींत उतरून घ्यावें. आणि ज्याला त्यांतला पत्ता पाहिजे असेल त्याला उतारा काढून द्यावा. नोंदीला तीन सू, उताऱ्याला तीन सू, आणि गरिबांस दोन्ही फुकट. चाकर, शिक्षक, घरें, जमिनी, प्रवासाचे सोबती, सर्व एकाच वहींत. कचेरीनें निवडक नोंदींचे छापील कागदही काढले. १६३३ च्या अशा एका कागदांत पंधरा दिवसांत इटलीस निघणाऱ्याला सोबत हवी आहे, आणि एक तरुण उंट रास्त किंमतींत विकावयाचा आहे, अशा नोंदी सांपडतात. तो उंट कोणी घेतला कीं नाहीं हें जाणण्याची उत्सुकता आम्हांस आजही वाटते! १६३१ मध्यें या कचेरीवर राजदरबारीं एक विनोदी नृत्यनाट्यही झालें. नव्या धंद्याला याहून मोठी जाहिरात ती कोणती मिळावयाची?

पण या धंद्याची खरी गांठ त्या तीन सूंपाशींच आहे. ज्याला कामाची अत्यंत निकड, त्याच्याच खिशांत पैसा नसतो; आणि ज्याच्या निकडीवर धंदा उभारावयाचा, त्याच्याकडून पैसा घेतला नाहीं तर कचेरीचें भाडें कोण देणार? पॅरिसच्या मध्यस्थ बायकांनीं आणि पुढें मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरांनीं हा प्रश्न दस्तुरी घेऊन सोडविला. जॉबराचा हा अधिकार मोडावा असें व्हिटले कमिशनला १९३१ मध्यें लिहावें लागलें, आणि कामगाराकडून सामान्यतः कसलीही फी घेऊं नये असा जागतिक मजूर संघटनेचा ठराव व्हावयास १९९७ साल यावें लागलें. रनोदोनें गरिबाचे तीन सू पहिल्याच दिवशीं सोडून दिले. ती तूट त्यानें इतर मार्गांनीं भरून काढिली. ३० मे १६३१ रोजीं त्याच कचेरींतून त्याचें ‘गाझेत’ हें साप्ताहिक निघालें. फ्रेंच वृत्तपत्रांच्या इतिहासांत त्याचें नांव आरंभींच येतें तें यामुळेंच. १६३७ पासून तेथें गहाणावर कर्ज मिळूं लागलें आणि १६४० पासून गरिबांस फुकट औषधोपचार. दर सोमवारीं विद्वानांच्या चर्चाही भरत.

सरकारचा आश्रय मात्र फुकट मिळत नाहीं. १६३९ मध्यें हुकूम निघाला, कीं कामधंदा नसतां पॅरिसला येणाऱ्यानें चोवीस तासांच्या आंत या कचेरींत नांव नोंदवावें. न नोंदविल्यास उनाड समजून त्याला राजाच्या जहाजांवर वल्हीं मारावयास पाठविण्याची धमकी होती. काल जी वही गरिबाला काम दाखविण्यासाठीं होती, तीच आज शिपायाला गरीब दाखवूं लागली. रनोदोला हें खुपलें नसेल असें म्हणवत नाहीं. पण त्यानें तें नाकारिलेंही नाहीं, आणि त्याच्याविषयीं आम्हांस वाटणाऱ्या आदराला येथें थोडा उणेपणा येतो.

त्याचा घात मात्र गरिबांनीं केला नाहीं, वैद्यांनीं केला. माँपेलिएचा पदवीधर पॅरिसमध्यें फुकट औषध देतो हें पॅरिसच्या वैद्यकपीठाला सहन होईना. गी पातँ हा तिखट जिभेचा वैद्य त्यांचा पुढारी होता. रनोदोच्या बसक्या नाकाचीसुद्धां टवाळी झाली, आणि त्याच विद्यापीठांत शिकणाऱ्या त्याच्या दोघां मुलांच्या पदव्या अडवून धरण्यांत आल्या. रिशल्यू जिवंत होता तोंवर हें सारें निभावलें. तो डिसेंबर १६४२ मध्यें वारला, पुढच्याच मे महिन्यांत राजाही गेला, आणि १ मार्च १६४४ रोजीं पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेनें औषधोपचार, चर्चा आणि गहाणाचा व्यवहार तिन्ही बंद केले. नांवनोंदणी आणि गाझेत एवढें त्याच्याकडे उरलें.

कल्पना तोंवर समुद्रापलीकडे गेली होती. लंडनमध्यें हेन्री रॉबिन्सन यानें १६५० सालीं थ्रेडनीडल स्ट्रीटवर तशीच कचेरी थाटली. फी सहा पेन्स, गरिबांस माफ. ती फार दिवस चालली नाहीं. रनोदो २५ ऑक्टोबर १६५३ रोजीं पॅरिसमध्यें निर्धन स्थितींत मरण पावला. दाया लावून देणाऱ्या बायकांचीं दुकानें मात्र त्याच शहरांत १७६९ पर्यंत चालू होतीं.