‘कोलंबो’: खुनी आधीच ठाऊक असलेली रहस्यकथा

खून कोणी केला, हे अखेरपर्यंत गुलदस्त्यात राहिले पाहिजे, हा रहस्यकथेचा रूढ दंडक. ‘कोलंबो’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने तो पहिल्याच प्रसंगात मोडला. इथे प्रेक्षक खून डोळ्यांदेखत पाहतो, खुन्याला ओळखतो आणि त्याने पुरावे कसे दडवले, हेही जाणतो. त्यानंतरच लॉस एंजेलिस पोलिस दलातील लेफ्टनंट कोलंबो घटनास्थळी येतो. उत्कंठा उरते ती एवढीच, की हा बिनचूक भासणारा बनाव उलगडणार कसा?

कथेची ही उलटी मांडणी इंग्रज लेखक आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी 1912च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात वापरली होती. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने ती छोट्या पडद्यावर रुजवली. कोलंबो 1960 मध्ये प्रथम दूरचित्रवाणीवर अवतरला, 1962 मध्ये रंगभूमीवर गेला आणि 1968च्या दूरचित्रपटात त्याला पीटर फॉक हा कायमचा चेहरा लाभला. एनबीसी वाहिनीवर 1971 ते 1978 आणि एबीसीवर 1989 ते 2003 असा मालिकेचा प्रवास झाला. एकूण भाग अवघे 69. नियमित मालिकेच्या पहिल्या भागाचे दिग्दर्शन तेव्हा पंचविशीही न गाठलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी केले होते.

चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, खिळखिळी प्यूजो मोटार आणि तोंडी सतत पत्नीचा उल्लेख, असा हा नायक. रेनकोट फॉक यांच्या स्वतःच्या कपाटातला होता. बालपणी कर्करोगामुळे उजवा डोळा गमावलेल्या या अभिनेत्याची तिरकस नजरही भूमिकेचा भाग बनली. कोलंबो पिस्तूल रोखत नाही, आवाज चढवत नाही. निरोप घेऊन तो दारापर्यंत जातो, थबकतो आणि ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणत परततो. तेवढ्यात सुटकेचा निःश्वास टाकलेला खुनी त्या एका प्रश्नात अडकतो.

मात्र मालिकेचे खरे सामर्थ्य या लकबींपलीकडचे आहे. इथले खुनी बहुधा प्रतिष्ठित असतात: शल्यविशारद, उद्योगपती, नामवंत लेखक, कलावंत. आलिशान बंगल्यात वावरणाऱ्या या मंडळींना समोरचा गबाळा पोलिस क्षुद्र वाटतो आणि त्यांचा हाच अहंकार त्यांचा घात करतो. 1973च्या ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ या भागात वाइनचा एक जाणकार उत्पादक तळघरातील हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद करून भावाचा जीव घेतो. पुढे त्याच तळघरातील वाइन त्याच्यापुढे येते, तेव्हा ती उष्णतेने बिघडल्याचे तोच सांगतो. ज्या रसनेचा त्याला अभिमान, तीच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. अटकेनंतर दोघे एकत्र वाइनचा घोट घेतात. गुन्ह्याला क्षमा नाही, पण गुन्हेगारातील माणूस नाकारायचा नाही, ही कोलंबोची सभ्यता त्या प्रसंगात दिसते.

वास्तवातला पोलिस तपास असा नसतो, हे प्रेक्षकही जाणतो. कोलंबोने जमवलेले काही पुरावे न्यायालयात टिकतील का, अशी शंकाही येते. मालिका तिथवर जातच नाही. तरीही पैसा, ओळख आणि वजन यांच्या जोरावर कायद्याला वाकवू पाहणाऱ्याला एका सामान्य नोकरदाराने नम्रपणे जेरीस आणावे, ही इच्छा कोणत्या समाजात नसते?

या भूमिकेसाठी चार एमी पुरस्कार मिळवणाऱ्या फॉक यांचे 2011 मध्ये निधन झाले. 2014 मध्ये बुडापेस्टच्या एका रस्त्यावर कोलंबोचा, त्याच्या कुत्र्यासह, पुतळा उभा राहिला. 2023 मध्ये आलेल्या ‘पोकर फेस’ या मालिकेने खुनी आधी दाखवण्याची तीच रीत पुन्हा अंगीकारली. खुनी ठाऊक असूनही जुने भाग पुनःपुन्हा पाहिले जातात, कारण नाव कळल्याने संपेल असे रहस्य त्यांत मुळी नव्हतेच.