खंजिरांचे नाणे

मार्च महिन्याची १५ तारीख. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये याच दिवशी रोमच्या सिनेटच्या बैठकीत ज्युलियस सीझरवर खंजिरांचे घाव पडले. मारेकऱ्यांत ब्रूटस होता, हे शेक्सपिअरच्या नाटकामुळे आपल्याला ठाऊक असते. पण याच ब्रूटसने त्या खुनाचे नाणे पाडले होते, हे फारसे कुणाच्या कानावर आलेले नसते.

इ. स. पू. ४२ मध्ये ब्रूटस आपल्या सैन्यासह पूर्वेकडे ग्रीसच्या बाजूला होता. सैनिकांना पगार द्यायचा तर नाणी हवीत. छावणीबरोबर फिरणाऱ्या टाकसाळीत ती पाडली गेली. एका बाजूला ब्रूटसचा चेहरा. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाला देत ती टोपी आणि खाली मार्चमधल्या त्या दिवसाचे नाव. अर्थ उघड आहे : आम्ही खून केला, तो स्वातंत्र्यासाठी. गंमत अशी, की हयातीतच नाण्यावर आपला चेहरा छापण्याचा पायंडा रोममध्ये सीझरनेच पाडला होता. सीझरला त्याच्या राजेशाही थाटासाठी मारणाऱ्या ब्रूटसने दोन वर्षांत तेच केले! त्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत तो हरला आणि त्याने स्वतःचा अंत करून घेतला.

या जातीची चांदीची नाणी शंभराच्या आसपास माहीत आहेत. सोन्याची मात्र फक्त तीन. एक जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या संग्रहात आहे. दुसऱ्याला भोक पाडलेले आहे. बहुधा कुणीतरी ते गळ्यात घालत असावे. ते अनेक वर्षे ब्रिटिश म्युझियममध्ये लोकांना पाहायला मिळत होते. तिसरे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात आले आणि ३२ लाख ४० हजार पौंडांना विकले गेले. जेमतेम आठ ग्रॅम सोने! तोपर्यंत कुठल्याही प्राचीन नाण्याला एवढी किंमत आली नव्हती.

गोष्ट इथे संपली नाही. हे नाणे जुन्या खासगी संग्रहातले आहे, असे लिलावाच्या वेळी सांगण्यात आले होते. ती माहिती बनावट निघाली. जानेवारी २०२३ मध्ये लिलाव करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि मार्चमध्ये ते नाणे ग्रीसच्या स्वाधीन करण्यात आले.

चोरीचा माल परत गेला, हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट परत गेली नाही. ते नाणे जमिनीत नेमके कुठे होते? एकटे होते, की इतर नाण्यांबरोबर मडक्यात पुरलेले होते? शेजारी छावणीची काही खूण होती का? ब्रूटसच्या शेवटच्या महिन्यांबद्दल त्या खड्ड्याने आपल्याला किती सांगितले असते! चोराने नाणे उचलले आणि साक्ष पुसून टाकली.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या देशात आहे. १८९८ मध्ये तमिळ प्रदेशातल्या पुदुकोट्टई संस्थानात रोमन सोन्याच्या नाण्यांचा एक साठा सापडला. ५०१ नाणी. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव घातलेला आहे. यातले एखादे सुटे नाणे बाजारात आले असते, तर 'खराब माल' म्हणून त्याचा भाव पडला असता. पण साठा एकत्र नोंदला गेला, म्हणून कळले की हा अपघात नव्हे, कुणीतरी ठरवून केलेले काम आहे. ही नाणी पुन्हा चलनात जाऊ नयेत, ती निव्वळ सोने म्हणून राहावीत, यासाठी हे घाव घातले असावेत, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. आपली मिरी नि मोती रोमला जात आणि तिकडचे सोने इकडे येई, हे आपण ग्रंथांत वाचतो. ते सोने आल्यावर इथल्या माणसाने त्याचे काय केले, हे मात्र या घावांनीच सांगितले.

नाणी जमवण्याचा छंद वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. इटालियन कवी पेत्रार्क चौदाव्या शतकात रोमन नाणी जमवत असे. द्राक्षमळ्यात खणताना नाणे सापडले, की मजूर ते त्याच्याकडे आणत आणि हा चेहरा कुणाचा, असे विचारत. १३५४ मध्ये त्याने सम्राट चौथ्या चार्ल्सला काही रोमन नाणी भेट दिली, ती या थोर पुरुषांसारखा हो, असे बजावूनच. नाणे विकत घेण्याआधी वाचायचे असते, हे त्याला उमगले होते.

आपल्याकडे १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नांगराला मडके लागले, की आधी सोनार आठवतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण सोनाराच्या मुशीत सोने उरते, गोष्ट जळते. म्हणून दुर्मिळ नाणे हातात आले, की किती किमतीचे, हा प्रश्न जरा मागे ठेवावा. पहिला प्रश्न विचारावा : हे मिळाले कुठे? त्याचे खरे उत्तर नसेल, तर ते नाणे कितीही लखलखीत असो, मुकेच आहे. आणि उत्तर असेल, तर घाव बसलेले नाणेही बोलते.