दरडीनंतरचे मन

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ही इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर आदिवासींची वाडी. वर वाहन जाईल असा रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे नेता आली नाहीत. पावसात कुदळ-फावड्यांनीच माती उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते.

अशा वेळी वाचलेल्यांना लगेच बोलते करावे, रडू द्यावे, म्हणजे मन हलके होते, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. या समजुतीचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१९१५ साली ब्रिटिश लष्करातील डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये काही सैनिकांची हकिकत छापली. अंगावर जखम नाही, पण दृष्टी अधू, स्मृती हरवलेली. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था दुखावते, या कल्पनेतून ‘शेल शॉक’ हे नाव रूढ झाले. पुढे स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसली आणि कल्पना लंगडी पडली. कित्येकांना सरळ भित्रे ठरवण्यात आले. आघातोत्तर ताण विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्थान मिळाले ते १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर.

१९८३ मध्ये अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी अग्निशामक आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली: घटनेनंतर थोड्याच दिवसांत गटात बसवून सारे क्रमाने बोलायला लावायचे. ती इतकी पसरली की अपघातातून वाचलेल्या प्रत्येकावर तिचा प्रयोग होऊ लागला. तिची चाचणी मात्र उशिरा झाली. वेल्समधील भाजलेल्या रुग्णांवरील १९९७ च्या अभ्यासात, तेरा महिन्यांनी, बोलते केलेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांत हा विकार आढळला. न केलेल्यांत ९ टक्के. (पहिल्या गटातील रुग्ण मुळातच अधिक भाजलेले होते, हे विसरू नये.) इतर चाचण्याही एकत्र तपासल्यावर, अशा एका बैठकीने विकार टळत नाही, असेच दिसले.

मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेचे सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडा. धोका आणि तातडीची गरज पाहा. कोणी बोलले तर ऐका, पण खोदून विचारू नका. अन्न, निवारा, नातलग, खरी माहिती यांच्याशी माणसाला जोडा. बहुतेक माणसे यातूनच हळूहळू सावरतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेच्या शाळांतील शिक्षकांना हे उपयोगी पडेल. दरडीनंतर पावसाच्या आवाजाने मूल दचकणे, आईला न सोडणे, झोप न लागणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविकच. महिना उलटूनही त्याचे खाणे, खेळणे, शिकणे विस्कटलेले असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. एरवी रोजची घंटा, ओळखीचा बाक, शेजारी बसणारा तोच मित्र यांचे मोल मोठे. ‘वर्गासमोर सांग बरे काय झाले’ असा आग्रह मात्र नको.

इर्शाळवाडीतून वाचलेली कुटुंबे पुढे चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिली. वाडी गेली, तरी शेजार काहीसा टिकला.

राहता राहिली ती ५७ माणसे. देह नाही, म्हणून अग्नी नाही, माती नाही. माणूस गेला असे मन मानायला तयार होत नाही. अमेरिकेतील संशोधक पॉलीन बॉस यांनी अशा अनिश्चित वियोगाचा अभ्यास केला, तो आधी युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांमध्ये. ‘आता विसरा’ असे या माणसांना सांगून उपयोग होत नाही, असे त्यांना आढळले.