कॉलर ताठ कुणामुळे?

माणूस कॉलर ताठ करून चालतो, तेव्हा त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व थोडंच असतं? ताठपणा आतल्या कॅनव्हासचा! शिंपी तो दोन कापडांत घालतो, उलट्या बाजूनं शिवतो, टोकाशी उरलेलं कापड कातरतो आणि मग कॉलर सुलटी करतो. कातरायला विसरला, तर टोकाऐवजी गाठोडं येतं.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावची हॅना माँटेग्यू नवऱ्याचे शर्ट धुऊन वैतागली. मळायची नुसती कॉलर, धुवायचा सबंध शर्ट! म्हणून १८२७ साली तिनं कॉलरच कापून काढली, धुतली आणि परत जोडली, असं सांगतात. नवऱ्याच्या गळ्याशी कात्री चालली आणि गावाचं नशीब उघडलं. सुट्या कॉलरींचे कारखाने निघाले. ट्रॉय ‘कॉलर सिटी’ झालं. पण त्या कॉलरी उकळत्या पाण्यात धुणं, खळ देणं, तापल्या इस्त्रीनं कडक करणं हे काम पुन्हा बायकांच्याच गळ्यात आलं!

१८६४ साली केट मुलानी या तरुण धोबिणीनं बायकांची संघटना बांधली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. पुरुषांच्या कॉलरींना खळ देता देता थोडी खळ त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती, एवढंच.