ऑक्सफॅम प्रकरण : सेवाभाव आणि उत्तरदायित्व

भूकंप, दुष्काळ वा युद्ध यांनी उद्ध्वस्त झालेल्या माणसाला मदत कोणाकडून घ्यावी हे ठरविण्याची मुभा नसते. देणगी देणारा तर हजारो मैल दूर असतो. आपला पैसा कोणाच्या हातून आणि कसा खर्च होतो, हे त्याला प्रत्यक्ष पाहता येत नाही. या दोघांमधील दुवा म्हणजे मदतसंस्था, आणि तिच्या शब्दावर विसंबणे एवढेच दोघांच्या हाती असते. संस्थेतील काही जणांच्या दुर्वर्तनाने हा विश्वास डळमळतो. ते दुर्वर्तन झाकून ठेवल्यास तो किती खोलवर ढासळतो, याचे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘ऑक्सफॅम’ या संस्थेचे हैती प्रकरण.

संस्था आणि भूकंप

दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमधील उपासमारीने व्यथित झालेल्या काही नागरिकांनी १९४२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दुष्काळ निवारण समिती स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे ऑक्सफॅम. १९५१ मध्ये बिहारमधील दुष्काळाच्या वेळी ही संस्था भारतातही मदतीला आली होती. पुढील काळात जगातील अग्रगण्य मदतसंस्थांमध्ये तिची गणना होऊ लागली.

१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती या गरीब देशाला भूकंपाने हादरविले. मृतांच्या संख्येबाबत मतभेद आहेत. हैती सरकारचा आकडा तीन लाखांहून अधिक आहे. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स ढिगाऱ्याखाली गेली, लाखो लोक तंबूंत राहू लागले. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. त्यात ऑक्सफॅमही होती.

२०११ ची चौकशी

हैतीतील काही अधिकारी संस्थेच्या निवासस्थानात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना आणतात, सहकाऱ्यांना धमकावतात, अशा तक्रारी २०११ मध्ये मुख्यालयात पोहोचल्या. हैतीत देहविक्रय बेकायदा आहे. शिवाय, ज्या लोकांच्या मदतीसाठी आपण आलो त्यांच्याच अगतिकतेचा हा गैरफायदा होता. संस्थेने चौकशी केली. चार जणांना बडतर्फ करण्यात आले, तर तिघांनी राजीनामे दिले. राजीनामा देणाऱ्यांत हैतीतील कामाचा प्रमुखही होता. चौकशीत सहकार्य केल्याबद्दल त्याला सन्मानाने पायउतार होऊ देण्यात आले. (त्याने २०१८ मध्ये आपल्यावरील अनेक आरोप जाहीरपणे नाकारले.) साक्षीदारांना शारीरिक इजा करण्याच्या धमक्या दिल्या गेल्याची नोंदही अंतर्गत अहवालात होती.

संस्थेने ऑगस्ट २०११ मध्ये गैरवर्तनाची चौकशी झाल्याचे जाहीर केले, परंतु गैरवर्तनाचे नेमके स्वरूप लोकांसमोर आले नाही. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्त जे काम पाहतात, साधारणतः तसेच काम इंग्लंड व वेल्समध्ये चॅरिटी कमिशन करते. या नियामकालाही पुरता तपशील कळविण्यात आला नाही.

याचा परिणाम पुढे दिसला. पायउतार झालेला प्रमुख २०१२ मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बांगलादेशातील कामावर रुजू झाला. बडतर्फ केलेल्यांपैकी एकाला तर ऑक्सफॅमनेच २०११ मध्येच इथिओपियातील कामासाठी सल्लागार म्हणून पुन्हा घेतले. ही गंभीर चूक होती, अशी कबुली संस्थेला नंतर द्यावी लागली.

सात वर्षांनंतर

९ फेब्रुवारी २०१८ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’ने हे प्रकरण उजेडात आणले. तीनच दिवसांत उपमुख्याधिकारी पेनी लॉरेन्स यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. डेस्मंड टुटू यांनी संस्थेच्या सदिच्छादूतपदाचा त्याग केला. दहा दिवसांत सुमारे सात हजार नियमित देणगीदारांनी देणगी थांबविल्याचे मुख्याधिकारी मार्क गोल्डरिंग यांनी संसदीय समितीपुढे सांगितले. सरकारकडून नवा निधी न मागण्याचे संस्थेला मान्य करावे लागले. हैती सरकारने जूनमध्ये ऑक्सफॅमच्या ब्रिटिश शाखेची नोंदणी रद्द केली. त्याच महिन्यात १ कोटी ६० लाख पौंडांची खर्चकपात करावी लागणार असल्याचे स्पष्ट झाले. या कपातीची झळ नोकऱ्यांना आणि मदतकार्यालाही बसणार होती. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा गरिबांनीही अखेर त्याची किंमत मोजली.

चॅरिटी कमिशनने जून २०१९ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि संस्थेला अधिकृत ताकीद दिली. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने आलेल्या शोषणाच्या तक्रारीचा पाठपुरावा संस्थेने अधिक नेटाने करायला हवा होता, असे त्यात म्हटले आहे. माहिती देताना संस्थेची प्रतिमा जपण्याची इच्छा प्रभावी ठरली, हा या अहवालातील कळीचा निष्कर्ष होय.

नियम होते, अंमल नव्हता

हा प्रश्न एका संस्थेपुरता नव्हता. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिऑन येथील निर्वासित छावण्यांत मदतीच्या मोबदल्यात मुलींचे शोषण होत असल्याचा अहवाल २००२ मध्येच पुढे आला होता. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था आणि ब्रिटनमधील ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांनी तो तयार केला होता. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी परिपत्रक काढून पैसा, नोकरी वा मदत यांच्या बदल्यात लैंगिक संबंध ठेवण्यास आपल्या कर्मचाऱ्यांना मनाई केली. म्हणजे हैतीतील भूकंपापूर्वी सहा वर्षांहून अधिक काळ या क्षेत्रापुढे सुस्पष्ट नियमांचा नमुना होता.

तो अमलात का आला नाही, याची कारणे मदतकार्याच्या रचनेतच सापडतात. अन्न, निवारा आणि औषध ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य आपद्ग्रस्ताला होणे कठीण. पोलीस आणि न्यायालये आपत्तीने कोलमडलेली असतात. कर्मचारी अल्पमुदतीच्या करारावर एका देशातून दुसऱ्या देशात जातात. त्यांच्याबरोबर त्यांचा पूर्वेतिहास जातोच असे नाही. शिवाय, बदनामी झाली तर देणग्या आटतील आणि गरिबांचेच नुकसान होईल, हा युक्तिवाद प्रत्येक संस्थेत प्रबळ असतो. तो प्रामाणिकपणे केलेला असू शकतो, पण गैरकृत्य करणाऱ्याला नेमके त्याचेच संरक्षण मिळते. ब्रिटिश संसदेच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीने जुलै २०१८ मधील अहवालात या क्षेत्राच्या बेफिकिरीवर कठोर ताशेरे ओढले. ही बेफिकिरी जवळजवळ संगनमतच ठरते, असा तिचा रोख होता.

काँगोतील इबोला साथीच्या काळात (२०१८-२०) मदत कर्मचाऱ्यांकडून झालेल्या शोषणाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये ८३ संशयितांचा उल्लेख केला. त्यांपैकी २१ जण जागतिक आरोग्य संघटनेच्या सेवेत होते. हैतीचा धडा पुरता गिरविला गेला नव्हता, हेच यातून दिसले.

विश्वास परत येतो कसा?

चॅरिटी कमिशनच्या पाहणीनुसार इंग्लंड व वेल्समधील जनतेचा धर्मादाय संस्थांवरील विश्वास २०१४ मध्ये दहापैकी ६.७ गुण इतका होता. इतर काही प्रकरणांमुळे तो २०१६ मध्ये ५.७ वर आला होता. २०१८ मध्ये तो ५.५ पर्यंत घसरला. २०२० मध्ये मात्र तो ६.२ वर पोहोचला. विश्वास गमावला म्हणजे कायमचा गेला असे नसते, हे या आकड्यांवरून दिसते.

दोषी व्यक्तीला निमूटपणे दुसरीकडे जाता येऊ नये, यासाठी जानेवारी २०१९ मध्ये मदतसंस्थांनी एक योजना सुरू केली. तीत सहभागी संस्था उमेदवाराच्या आधीच्या मालकाकडे त्याच्या गैरवर्तनाविषयी विचारणा करतात आणि स्वतःही तशी माहिती देतात. उपाय साधा आहे. २०११ मध्ये नेमकी याचीच उणीव होती.

देणगीदारालाही काही प्रश्न विचारता येतात. तक्रार कोणाकडे आणि कोणत्या भाषेत करता येते? तक्रारदाराला संरक्षण आहे काय? चौकशी अंतर्गत असते की स्वतंत्र? वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे संस्था प्रसिद्ध करते काय? येथे एक गैरसमज टाळावयास हवा. तक्रारींचा वाढता आकडा हा नेहमीच अधःपतनाचा पुरावा नसतो. दडपलेला आवाज आता ऐकला जाऊ लागल्याचेही ते लक्षण असू शकते. हजारो कर्मचारी आणि अनेक देशांत काम असूनही एकही तक्रार आली नाही असे सांगणाऱ्या संस्थेकडे अधिक बारकाईने पाहण्याची गरज आहे.